चंद्राला हात लावायची परवानगी

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात अंध मुलांसाठी चंद्राचा गोल आणि सप्तर्षी मांडायचे होते. दोन्ही वस्तू जानेवारीतच तयार होत्या. पुढचे सव्वीस दिवस परवानगीत गेले, आणि आज लिहितानाही डोकं तापतं.

गोलाचं काम सरळ झालं. नासाच्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटरने लेसरने मोजलेले चंद्राचे उंचसखल भाग सगळ्यांसाठी खुले आहेत. त्यावरून २० सेंटिमीटर व्यासाचा गोल थ्रीडी प्रिंटरवर दोन भागांत छापून घेतला. उंची-खोली मात्र वाढवून घ्या. या मापात टायको विवर ५ मिलिमीटर रुंद येतं, पण खोल जेमतेम पाव मिलिमीटर. बोटाला काही लागतच नाही. आम्ही पाचपट केली.

आता परवानगी देणारं ते कार्यालय. अर्जात रकाना होता, ‘प्रेक्षकांनी प्रतिकृतीस स्पर्श करू नये यासाठी केलेली व्यवस्था’. मी लिहिलं, ‘प्रतिकृती स्पर्शासाठीच आहे.’ अर्ज परत आला, काचेची पेटी करावी असा शेरा मारून. जाऊन समजावलं. टेबलावरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, “मॅडम, तुमचं बरोबर आहे, पण रकान्यात व्यवस्था लिहावीच लागेल.” मग स्वतंत्र पत्र जोडलं, ते ‘वर’ गेलं. साहेब दौऱ्यावर. नंतर साहेब मीटिंगमध्ये. आठवड्याने गेले तर पत्रच सापडेना, आणि माझ्याकडे पोच नव्हती. कितीही घाई असली तरी दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्याच. तिसऱ्या खेपेला सुचवण्यात आलं की मुलांना कुणीतरी माहिती वाचून दाखवावी. त्या दिवशी मला बोलताच आलं नाही. चांदोबा भागलास का म्हणत ही मुलं मोठी झाली आहेत. चंद्राबद्दल ऐकलेलं त्यांच्याकडे भरपूर आहे.

अखेर या मुलांच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी लेटरहेडवर पत्र दिलं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये गरजेप्रमाणे वाजवी बदल करून देण्याची तरतूद आहे, एवढंच त्यात होतं. २७ तारखेला दुपारी सही झाली. असं पत्र पहिल्याच अर्जाला जोडा.

गोलाच्या जोडाचं सांगायचं राहिलं. शाळेत चाचणी घेतली तेव्हा मुलांना तो जोड डोंगररांगच वाटला. तो घासून बारीक केला, पण पूर्ण घालवला नाही. पृथ्वीकडची बाजू आणि पलीकडची बाजू यांच्या बरोबर सीमेवर तो येतो, त्यामुळे आपल्याला कुठली बाजू दिसते हे हातालाच कळतं. ब्रेल लेबलं प्रिंटरवर काढू नका, टिंबं खरखरीत येतात. आमची मुलांनीच ब्रेल पाटीवर टोचून दिली.

सप्तर्षींना प्रिंटर लागलाच नाही. फळीला सात भोकं, प्रत्येकातून खाली सोडलेला दोरा, टोकाला मणी. दोऱ्याची लांबी म्हणजे ताऱ्याचं आपल्यापासूनचं अंतर, एका प्रकाशवर्षाला २ मिलिमीटर. वरून फळी चाचपली की आकाशात दिसते तशी सपाट आकृती. खाली हात घातला की मधले पाच मणी साधारण १६ सेंटिमीटरवर, एका टोकाचा तारा मरीची २१वर आणि दुसऱ्या टोकाचा क्रतु २५च्या जवळ.

प्रदर्शनात सहावीतली एक मुलगी दोन्ही हात खाली घालून बराच वेळ थांबली. मग म्हणाली, “ताई, वरून बघणाऱ्यांना हे सातही एकाच ठिकाणी वाटतात?”

मी हो म्हटलं. तिने मैत्रिणीचा हात धरून क्रतुच्या मण्यावर नेऊन ठेवला.