नववा प्रश्न

आज दिवसभर विभागीय प्रशिक्षणात होते. समुपदेशक, परिचारिका, समाजकार्यकर्ते, सगळे आपापल्या भागात जवळजवळ एकट्याने काम करणारे. आधार होता जागतिक आरोग्य संघटनेच्या 'एमएचगॅप' मार्गदर्शिकेचा (पहिली आवृत्ती २०१०). मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्यांनाही नैराश्य, फेफरं, व्यसन ओळखून मदत करता यावी म्हणून ती काढलेली.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो पीएचक्यू-९ या नैराश्य तपासायच्या नऊ प्रश्नांच्या यादीतल्या शेवटच्या, नवव्या प्रश्नावर. मेलेलं बरं असं वाटतं का, स्वतःला इजा करावीशी वाटते का? बरेच जण तो घाईघाईत उरकतात; विचारलं तर नसता विचार डोक्यात भरेल, ही भीती. पण थेट विचारल्याने धोका वाढत नाही, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. उलट माणसाला बोलायला वाट मिळते. मग जोड्या करून तो प्रश्न मोठ्याने विचारायचा सराव केला. एका ताईंचा आवाज थरथरला, तरी नजर न चुकवता त्यांनी पूर्ण विचारला. फार भरून आलं मला.

माझं ठाम मत आहे, नुसती कार्यशाळा पुरत नाही. अवघड केस आली की फोन उचलणारं अनुभवी माणूस हवं, केसेसवर नियमित चर्चा हवी. आमच्या गटाने पुढच्या चर्चेची तारीख आजच ठरवली.