डावा हात न हलवणारं बाळ

बाळ नऊ दिवसांचं होतं आणि त्याच्याबरोबर पाच माणसं आली होती: आई, बाप, आजी, मामा आणि गावातली मालीशवाली मावशी. मावशी स्वतःहून आलेली नव्हती, बापानं तिला आणलं होतं. केसपेपर निघायच्या आधीच त्यानं सांगून टाकलं, "हिनं न्हाऊ घालताना हात पिळला. तसं लिहून द्या."

मी तालुक्याच्या एका सरकारी रुग्णालयात बाळंतिणींच्या वॉर्डात स्टाफ नर्स आहे. हे बाळ आमच्याकडेच जन्मलेलं. आईची दुसरी खेप, डिलिव्हरी नॉर्मल, वजन ३.९ किलो. तिसऱ्या दिवशी सुट्टी झाली. घरी गेल्यावर डावा हात निपचित पडलेला दिसला, तेव्हा घरच्यांनी बीसीजीला दोष दिला, कारण ती लस डाव्या दंडावरच असते. वास्तविक बीसीजी म्हणजे कातडीत दिलेले ०.०५ मिली. त्यानं हात लुळा पडत नाही, काही आठवड्यांनी तिथं फोड येतो एवढंच. पाचवी झाली, मावशीचं मालीश सुरू झालं, बाळ आंघोळीला जास्त रडायला लागलं आणि दोष लसीवरून मावशीवर गेला.

पकडलं ते आशाताईनं. सातव्या दिवसाच्या घरभेटीत तिनं वजनाच्या झोळीत बाळ ठेवलं आणि काटा उचलला. झोळी अधांतरी झाली की बाळ दचकतं, दोन्ही हात एकदम बाहेर फेकतं, बोटं फाकवतं आणि हात परत छातीशी घेतं. या बाळाचा उजवा हात उडाला, डावा जागेवर राहिला. तिनं बाळ खाली घेतलं, अंगावरचे सगळे कपडे काढून पाहिलं आणि "आजच दवाखान्यात न्या" म्हणून चिठ्ठी दिली. घरच्यांनी दोन दिवस भांडणात घालवले, तो भाग वेगळा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायकांना हेच शिकवलं होतं, त्याचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आले आणि २०११ पासून आशांच्या घरभेटी देशभर सुरू झाल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळामागे सहा भेटी, आणि सगळ्या पूर्ण झाल्यावर २५० रुपये. आमच्याकडे तीन दिवसांत त्या बाळाला डॉक्टर, सिस्टर आणि शिकाऊ मुली धरून कितीतरी हातांनी उचललं असेल. एकाच्याही नजरेत ते आलं नाही.

तपासताना बाळाला ओढाताण लागत नाही. हात चोळून गरम केले, बाळ गादीवर उताणं ठेवलं, अंग उघडं केलं. छातीच्या हाडापासून खांद्याकडे एका बोटाच्या पेरानं हलकेच सरकत गेलं की गळपट्टीचं हाड, म्हणजे कॉलर बोन, पूर्ण हाताला लागतं. उजवीकडे बोट सरळ गेलं. डावीकडे मधोमध हरभऱ्याएवढी टणक गाठ लागली. त्यावर बोट टेकल्यावर बाळानं तोंड वाकडं केलं, पण फार रडलं नाही. दुखणं तोवर ओसरत आलं असावं.

एवढ्यावर थांबून चालत नाही. तळहातात बोट दिल्यावर मूठ घट्ट मिटते का, कोपर वाकतं का, हे बघावंच लागतं. मानेजवळच्या नसा ताणल्या गेल्या असतील तर हात आत वळून, कोपर सरळ होऊन लोंबत राहतो, आणि हाड मोडणं व नस ताणणं दोन्ही एकत्रही असू शकतं. सांध्यात पू झाला तरी बाळ हात हलवत नाही, पण मग खांदा सुजतो, बाळ दूध ओढत नाही, अंग तापतं किंवा उलट गार पडतं. या बाळाची मूठ घट्ट होती, कोपर वाकत होतं, काखेतलं तापमान ३६.८ होतं.

बालरोगतज्ज्ञ त्या दिवशी आलेले होते. एक्स-रेत हाड मधोमध मोडलेलं दिसलं आणि त्याभोवती नव्या हाडाचा धूसर ढग, कॅलस. सगळा निकाल या ढगात होता. कॅलस एक्स-रेत दिसू लागायला साधारण आठवडा लागतो. मावशीच्या हाताला बाळ लागून चारच दिवस झालेले. म्हणजे हाड तिच्या आधीचं, बहुतेक जन्माच्या वेळचं. प्रसूतीत सगळ्यात जास्त मोडणारं हाड हेच. मोठं बाळ खांद्याशी अडकलं की मोडतं, आणि कधी काही न अडकताही मोडतं. चूक असेलच असं नाही. डॉक्टरांनी दोन मिनिटांत हे बापाला सांगितलं, अर्धं इंग्रजीत, आणि "सिस्टर, बाकी समजवा" म्हणून ते पुढच्या पेशंटकडे वळले. बाकी म्हणजे सगळंच.

बापाला पटलं नाही. त्यातून प्लास्टर नाही म्हटल्यावर त्याला वाटलं, आम्ही प्रकरण दाबतोय. नवजात बाळाच्या गळपट्टीच्या हाडाला प्लास्टर लागत नाही, पट्टाही लागत नाही, ते आपसूक जुळतं. पण आपल्याकडे उपचार डोळ्यांना दिसावा लागतो. सुई नाही, सलाईन नाही, तर मग दवाखान्यात आलो कशाला?

मावशी तोवर भिंतीलाच टेकून होती. तिला मी शिकवायची बाहुली दिली आणि म्हटलं, कसं न्हाऊ घालता ते दाखवा. ती लगेच फरशीवर पाय पसरून बसली. पाण्याचा अंदाज कोपरानं. बाहुली नडग्यांवर, डोकं घोट्यांच्या मधल्या खोबणीत, म्हणजे मान दोन्ही बाजूंनी अडवलेली. पालथं करताना एका हाताचा पंजा छातीखाली, अंगठा आणि तर्जनी जबड्याला, तोंड मोकळं. पाणी मानेखालून पाठीवर, तोंडावर थेंब नाही. ओलं, साबणाचं बाळ हातातून निसटतं म्हणून साबण शेवटी आणि थोडाच. आमच्या शिकाऊ मुलींपैकी किती जणींना हे जमेल, देव जाणे. नंतर तिनं बाहुलीचे दोन्ही पाय एका मुठीत धरले, तिला उलटी लटकवली आणि दोन हिसके दिले. मग उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला ओढून भिडवले. मग नाकात तेलाचं बोट.

या तिन्ही गोष्टींवर आम्ही कायम ओरडत असतो. उलटं लटकवण्यात मानेला आधार नसतो आणि घोटा निसटला तर डोकं आधी आपटतं. ओढून भिडवताना खांद्यावर ताण येतो. नाकातलं तेल फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो. पण या बाळाचं हाड त्यातल्या कशानंही मोडलेलं नव्हतं. मोडलेल्या हाडावर ती ओढाताण झाली, बाळाला दुखलं असणार, हे खरं. ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, कारण आम्हालाच माहीत नव्हतं.

मग आईला शिकवायला बसले. आधी हातातल्या काचेच्या बांगड्या आणि अंगठी काढायला लावली. बाळ उचलताना एक पंजा मानेखाली सरकवायचा, बोटं फाकवून, म्हणजे अंगठा एका कानामागे आणि बाकीची बोटं दुसऱ्या कानामागे येतात, टाळूवर दाब पडत नाही. दुसरा पंजा ढुंगणाखाली. आणि बाळ आपल्याकडे ओढायचं नाही, आपण कमरेत वाकून बाळाजवळ जायचं, ते छातीला लागलं की मग उठायचं. ठेवताना आधी ढुंगण, मग पाठ, शेवटी डोकं, आणि डोक्याखालचा हात सावकाश काढायचा. झटकन काढला तर बाळ दचकतं, हात फेकायला जातं आणि मोडलेल्या ठिकाणी कळ येते. काखेत हात घालून उचलणं बंद. हात धरून बसतं करणं बंद, आणि ते तर कुठल्याच नवजात बाळाला करू नये.

कपड्यांत फार वेळ गेला. घरच्यांनी हौसेनं गोल गळ्याचे तयार टी-शर्ट आणलेले. ते डोक्यातून घालताना दोन्ही हात वर जातात. आजीच्या पिशवीत मात्र जुन्या सुती साडीची, पुढून बंदाची झबली होती. मी ती सगळी बाहेर काढायला लावली, आजीचा चेहरा त्या दिवशी पहिल्यांदा जरा निवळला. घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी. आणि हात बाहीत ढकलायचा नाही. बाही गोळा करून आपली बोटं मनगटाच्या बाजूनं आत घालायची, बाळाची मूठ धरायची आणि बाही हातावर चढवायची. मग कोपर वाकवून, हात पोटावर ठेवून, बाहीचं टोक झबल्याच्या पुढच्या भागाला दोन टाक्यांनी शिवून टाकायचं. सेफ्टी पिन नको, उघडली की बाळाला टोचते. साधारण दोन आठवडे पुरे. वर दुपट्यात गुंडाळायचं ते सैल, पाय आतल्या आत वाकतील असं.

पाजण्याची गोष्ट बहुतेक जण विसरतात. बाळ डाव्या स्तनाला मांडीवर आडवं घेतलं तर उजव्या कुशीवर असतं, दुखरा हात वर मोकळा राहतो. उजव्या स्तनाला घेताना बाळ वळवलं की डावा खांदा खाली दाबला जातो, बाळ रडतं, स्तन सोडतं आणि आजी म्हणते, एका बाजूला दूध नाही. म्हणून वळवायचं नाही. डावीकडून आहे तसंच उजवीकडे सरकवायचं, पाय आईच्या उजव्या काखेखालून मागे, खाली उशी, मान आईच्या उजव्या पंजात. आईनं दुसऱ्याच प्रयत्नात जमवलं. ढेकर काढताना बाळाचा डावा खांदा आपल्या अंगावर दाबायचा नाही, एवढं सांभाळलं की झालं. हाड जुळेपर्यंत झोळीत वजन नको, सपाट काट्यावर करा, हे आशाताईला फोन करून सांगितलं.

संध्याकाळी प्रसूतीची नोंद काढून पाहिली. "नॉर्मल डिलिव्हरी, बाळ लगेच रडलं." खांदे सहज आले की अडकले, याबद्दल अक्षर नाही. आमच्या डिस्चार्ज कार्डावर वजन, लसी आणि स्तनपानाचे रकाने आहेत, दोन्ही हात सारखे हलतात का याचा नाही. सुट्टीच्या दिवशी बाहेर गाडी थांबलेली असते, नातेवाईक बाळ एकमेकांकडे देऊन फोटो काढत असतात आणि खाटेसाठी पुढची बाळंतीण उभी असते. त्या गडबडीत गुंडाळलेलं बाळ कोण उघडं करणार? लेबर रूमच्या सिस्टरला खांद्यांचं विचारलं तर ती म्हणाली, "नॉर्मलच होती गं, कशाला उकरतेस?"

तिसऱ्या आठवड्यात बाळ परत आलं. हात उजव्यासारखाच हलत होता, गाठ अजून लागत होती. ती काही महिन्यांत आपोआप विरते.

मावशीचं काम मात्र गेलं ते गेलंच. मी डॉक्टरांच्या मागे लागून केसपेपरवर "इजा जन्मवेळची असण्याची शक्यता" असं लिहून घेतलं होतं. बापानं तो कागद घडी घालून खिशात ठेवला, गावात कुणाला दाखवला नाही. एका अर्थी बाळाचं उलटं लटकणं थांबलं, ज्यासाठी आम्ही एरवी घसा कोरडा करतो, आणि ते थांबलं खोट्या कारणानं. मावशीला निर्दोष म्हणताना तिची पद्धतही निर्दोष ठरेल का, हे त्या दिवशी ओपीडीत मला उरकता आलं नाही. मी दोन्ही सांगितलं: हाड हिनं मोडलेलं नाही, आणि पाय धरून लटकवू नका. घरच्यांनी दुसरंच तेवढं ऐकलं. आता त्यांनी शेजारच्या गावची बाई लावली आहे. आशाताई सांगत होती, ती पण पाय धरूनच उलटं करते.