तुम्ही विचारलंत म्हणून: त्या रात्री किक मारायला हवी होती का?

आमच्याकडे मिशिगनमध्ये मराठी लोकांच्या कुठल्याही कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं राहिलं की हातात प्लेट यायच्या आधी मला एक प्रश्न येतोच. तू लायन्सवाला ना रे, मग सांग, त्या सॅन फ्रान्सिस्कोच्या मॅचला कोचने किक मारायला हवी होती की नाही? लायन्स म्हणजे इथली, डेट्रॉइटची अमेरिकन फुटबॉलची टीम. विचारणाऱ्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, त्याला फक्त माझं तोंड कसं होतं ते बघायचं असतं. रांगेत मी "जाऊ दे ना" म्हणून पुढे सरकतो, कारण याचं उत्तर मठ्ठा घेता घेता देण्यासारखं नाहीये. पण परवा तीन जणांनी एकाच दिवशी विचारलं, म्हंटलं आता एकदाच नीट लिहून टाकतो.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकन फुटबॉलमध्ये तुम्हाला चार डाऊन मिळतात, म्हणजे चार संधी, आणि तेवढ्यात बॉल दहा यार्ड पुढे न्यायचा, नेला की परत चार नवीन. तीन वापरूनही दहा पूर्ण नाही झाले की चौथ्याला ठरवायचं, लांब असाल तर पंट करून बॉल समोरच्याकडे दूर ढकलून द्या, गोलपोस्टच्या टप्प्यात असाल तर किक मारून तीन पॉइंट घ्या, किंवा छातीला माती लावून खेळा, आणि नाही जमलं तर बॉल जिथे असेल तिथेच समोरच्याचा. माझ्या बाबांना मी हे कबड्डीतून समजावलं होतं. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी डू ऑर डाय, पॉइंट आण नाहीतर बाहेर बस, तसंच काहीसं, फक्त इथे पळवाट आहे. बाबा कंपनीच्या टीमकडून कबड्डी खेळलेले, ते लगेच म्हणाले, पळवाट आहे तर मग सगळे तीच घेत असतील. बरोब्बर. वर्षानुवर्षं बहुतेक सगळे कोच तीच घ्यायचे.

आता डेट्रॉइट लायन्स म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी चिंचवडहून इथे आलो 2008 च्या ऑगस्टमध्ये, एका गाड्यांच्या पार्ट्सच्या कंपनीत, आणि त्याच सीझनला लायन्स सोळापैकी सोळा मॅच हरले. 0-16. तोवर सोळा मॅचच्या सीझनमध्ये असं कोणीच केलं नव्हतं. लोक डोक्यावर कागदी पिशव्या घालून स्टेडियममध्ये बसायचे, डोळ्यांना दोन भोकं पाडून. बाहेर तर त्याहून वाईट चाललेलं, पुढच्या वर्षी जीएम आणि क्रायसलर दोघांनी दिवाळखोरी जाहीर केली, आमच्या मजल्यावर दर शुक्रवारी कोणीतरी खोक्यात फोटो फ्रेम भरून निघायचा. माझ्या शेजारच्या क्यूबिकलमध्ये एक म्हातारा होता, दर सोमवारी लायन्सचं निळं जॅकेट घालून यायचा, रविवारी हरल्यावरसुद्धा. मी एकदा विचारलं, हे का घालता, तर म्हणाला थंडी आहे म्हणून. बस. मला वाटतं त्याच वाक्याला मी फॅन झालो, तू लायन्सवाला कसा याचंही उत्तर देऊन टाकतो इथेच.

तर ही टीम शेवटची चॅम्पियन झाली 1957 ला, तेव्हा सुपर बोल, म्हणजे आताची फायनल, ही भानगडच नव्हती. सुपर बोल सुरू झाल्यापासून लायन्स तिथे एकदाही पोचलेले नाहीत. बॅरी सँडर्ससारखा माणूस इथे दहा वर्षं खेळला, बॉल घेऊन असा निसटायचा की पकडणारे एकमेकांना मिठ्या मारत राहायचे, आणि 1999 ला तो गावच्या पेपरला फॅक्स पाठवून मोकळा झाला, की मी रिटायर होतोय. 2021 ला डॅन कॅम्पबेल कोच म्हणून आला. सहा फुटांच्या वर, खर्जातला आवाज, स्वतः लायन्सकडून खेळलेला आणि त्या 0-16 च्या टीममध्येही होता. पहिल्याच प्रेस कॉन्फरन्समध्ये म्हणाला की आम्हाला पाडलंत तर उठता उठता तुमच्या गुडघ्याची वाटी चावून घेऊ. अख्ख्या देशाने हसून घेतलं. पहिल्या वर्षी तीन मॅच जिंकल्या, दुसऱ्या वर्षी सुरुवात 1-6, म्हणजे एक जिंकली, सहा हरल्या. आम्ही म्हंटलं झालं, आला अजून एक.

पण तो चौथ्या डाऊनला खेळायचा. पळवाट असताना. आणि हळूहळू जमायला लागलं, ते 1-6 वरून 9-8 वर गेले.

आणि मग आला तो 2023 चा सीझन, ज्याबद्दल तुम्ही विचारता. पहिलीच मॅच 7 सप्टेंबरला कॅन्सस सिटीत, गतविजेत्यांच्या घरी, त्यांचा झेंडा वगैरे वर चढवायचा समारंभ, म्हणजे आपण आपले लग्नातल्या वाजंत्र्यांसारखे. पहिल्याच क्वार्टरमध्ये चौथा डाऊन, दोन यार्ड हवेत आणि लायन्स स्वतःच्या 17 यार्ड लाइनवर, म्हणजे स्वतःच्याच गोललाइनपासून 17 यार्डांवर. इथे जगातला कुठलाही शहाणा माणूस पंट करतो, कारण चुकलं तर समोरच्याला ताटात वाढून दिल्यासारखं. पंटची टीम मैदानात आलीसुद्धा. आणि बॉल पंटरकडे गेलाच नाही, मधेच जेलन रीव्ह्ज-मेबिनने घेतला आणि मुसंडी मारून दोन यार्डांच्या पुढे गेला. मी सोफ्यावरून उठून उभा राहिलो, बायको म्हणाली काय झालं, मी म्हंटलं काही नाही, खोटं बोललो. त्याच चालीत पुढे टचडाऊन झाला, म्हणजे बॉल समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे नेला, त्याचे सहा पॉइंट. मॅच किती फरकाने जिंकली? 21-20. एका पॉइंटने.

हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नोव्हेंबरात लॉस एंजेलिसमध्ये चार्जर्सशी मॅच, 38-38, शेवटची दोन मिनिटंसुद्धा उरलेली नाहीत, चौथा डाऊन आणि दोन यार्ड. किकच्या टप्प्यात आहेत, तीन घ्या आणि पुढे व्हा, पण मग समोर हर्बर्टसारखा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, आणि त्याच्या हातात वेळ. कॅम्पबेल खेळला. आमचा क्वार्टरबॅक गॉफ, त्याने लापोर्टाला पास दिला, नवा डाऊन मिळाला, घड्याळ पळू दिलं, आणि अगदी शेवटच्या क्षणी किक मारून 41-38. म्हणजे किक त्यानेही मारली, फक्त आपल्याला वाटते त्या वेळी नाही. 24 डिसेंबरला मिनेसोटाला हरवून डिव्हिजन, म्हणजे आमचा गट, जिंकली, तीस वर्षांनी. टीव्हीवर टोप्या घातलेली पोरं नाचत होती आणि मी भांडी घासत होतो, कारण पाहुणे यायचे होते, पण घासली मात्र जोरात.

मधे एक डॅलसची मॅच पण झाली, त्याच्यावर मी एक स्वतंत्र शिव्यांचा लेख लिहू शकतो. शेवटच्या तेवीस सेकंदांत टचडाऊन करून 20-19, टचडाऊननंतरची एका पॉइंटची किक मारून बरोबरी करायची सोडून कॅम्पबेल दोन पॉइंटसाठी खेळायला गेला, टेलर डेकरने बॉल पकडलासुद्धा, आणि रेफ्रीने सांगितलं की त्याने पास पकडायला पात्र खेळाडू म्हणून रिपोर्टच केलं नव्हतं, दुसऱ्या कोणी केलं होतं. नंतर अजून दोनदा प्रयत्न, नाहीच. हरलो. जाऊ दे, रक्तदाब वाढतो.

मग प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी. 14 जानेवारी 2024, रविवार, भोगी. आमच्याकडे तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी, वांगं गाजर हरभरा सगळं इथल्या दोन दुकानांतून जमवलेलं, बाहेर थंडी अशी की गॅरेजचं दार उघडायला नको वाटावं, आणि रात्री आठला आमच्या घरच्या मैदानावर, फोर्ड फील्डवर, लॉस एंजेलिस रॅम्स. रॅम्सचा क्वार्टरबॅक कोण तर मॅथ्यू स्टॅफर्ड, जो बारा वर्षं आमचा होता, इथे झिजला, मग तिकडे गेला आणि पहिल्याच वर्षी सुपर बोल जिंकला. त्याच्या बदल्यात आम्हाला ड्राफ्ट पिक, म्हणजे नवे खेळाडू निवडायचे हक्क, मिळाले आणि सोबत जॅरेड गॉफ, जो रॅम्सना नको होता. वाण्याने सुट्टे नाहीत म्हणून हातात चॉकलेट ठेवावं तसा. त्या रात्री साठ हजारांवर लोक एका सुरात "जॅरेड गॉफ" ओरडत होते. मला अजून आठवलं की भाकरीचा घास अडकतो.

पण मुद्दा वेगळा आहे. ती मॅच 24-23 ने जिंकलो, बत्तीस वर्षांनी पहिला प्लेऑफ विजय, आणि कशी जिंकलो बघा. रॅम्स तीनदा गोललाइनच्या अगदी जवळ आले, आणि तिन्ही वेळा टचडाऊन न होता किक मारून तीन-तीन घेऊन गेले. तीन किक, नऊ पॉइंट, आणि एका पॉइंटने घरी. तुम्ही मला जो शहाणपणा शिकवता ना, तो त्या रात्री रॅम्सने केला होता. रांगेत हे मला कधीच सांगता येत नाही कारण तोवर पुरी संपायला आलेली असते.

पुढच्या रविवारी टॅम्पा बेला हरवलं, आणि 28 जानेवारीला सँटा क्लाराला, सॅन फ्रान्सिस्को 49र्स. जिंकलं तर सुपर बोल.

हाफटाइमला 24-7. आम्ही पुढे. मी चिंचवडला व्हिडिओ कॉल लावला, तिकडे सोमवारची सकाळ, साडेसहा, बाबा चहा घेऊन बसलेले, स्वेटर आणि कानटोपी. म्हणाले किती? मी म्हंटलं सतराने पुढे. म्हणाले मग झोपा आता. मी म्हंटलं बाबा, असं बोलू नका. त्यांनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि म्हणाले चालू राहू दे, मी ऐकतो.

तिसरा क्वार्टर, 24-10, चौथा डाऊन, दोन यार्ड, समोरच्यांच्या 28 वर. इथे किक मारली तर साधारण 45 यार्डांची, बसली तर 27-10. कॅम्पबेल खेळला. गॉफने जॉश रेनॉल्ड्सला बॉल दिला, नीट, हातात. आणि तो सुटला. मी तो बॉल आजही बघतो, उतरत्या उन्हात, दोन्ही हातांना लागून खाली पडतो. निर्णय चुकला म्हणता? निर्णयाने त्याला मोकळा माणूस मिळवून दिला होता. स्लिपमध्ये हातातला कॅच सुटला तर तुम्ही स्लिप का लावली म्हणून कॅप्टनला विचारत नाही.

त्यानंतर जे झालं ते मी वेगाने सांगतो कारण हळू सांगवत नाही. त्यांनी एक लांब पास टाकला, तो थेट आमच्या विल्डरच्या हेल्मेटच्या जाळीवर आपटला, वर उडाला, आणि त्यांच्या आयूकच्या हातात जाऊन पडला, 51 यार्ड. लगेच टचडाऊन. लगेच पुढच्या बॉलला आमच्या गिब्जच्या हातून बॉल निसटला. अजून एक टचडाऊन, 24-24. मग त्यांची किक, 27-24. आणि चौथ्या क्वार्टरला परत चौथा डाऊन, तीन यार्ड, त्यांच्या 30 वर, किक मारली तर बरोबरी. साखरेच्या डब्याजवळून बाबांचा आवाज आला, "अरे घ्या की आता तीन." कॅम्पबेल खेळला. पास पडला. त्यांनी टचडाऊन केला, 34-24.

तर माझं उत्तर. पहिल्याला नाही, किक मारायला नको होती. दुसऱ्याला, मला माहितीये तुम्ही सगळे काय म्हणता, पण तिथेही मी त्याच्या बाजूने. आमचा किकर डिसेंबरात बदललेला, 48 यार्ड म्हणजे त्याला काही पुढ्यातलं ताट नव्हतं. आणि समजा बसली, बरोबरी झाली, तर बॉल परत त्यांच्याकडे, आणि आमचा डिफेन्स तोवर अर्धा तास कोणाला अडवत नव्हता. बरं, हे सगळं गणित बाजूला ठेवा. ज्या माणसाने कॅन्सस सिटीत स्वतःच्या 17 वरून चौथा डाऊन खेळला म्हणून तुम्ही टाळ्या वाजवल्यात, त्यालाच जानेवारीत तुम्ही म्हणता की आता जरा सांभाळून. त्या पोरांना सप्टेंबरपासून एकच गोष्ट शिकवलेली होती, की चौथ्याला मैदान सोडायचं नाही, आणि नेमकी त्या रात्री त्यांना बेंचवर बोलवायचं? मॅचनंतर कॅम्पबेलने पण सांगितलं की निर्णयांचा पस्तावा नाही, लोक बोलणार हे माहीत आहे. आणि पोरांना आत सांगितलं की कदाचित हीच आपली एकमेव संधी असेल. ते ऐकून मात्र मी टीव्ही बंद केला.

आता एक गोष्ट, जी मला रांगेत कोणीच विचारत नाही आणि मी आपणहून काढत नाही. शेवटचं साधारण एक मिनिट उरलेलं, दहाने मागे, बॉल गोललाइनपासून एका यार्डावर, हातात तीन टाइमआउट, म्हणजे घड्याळ थांबवायच्या तीन संधी. तिथे पास टाकायचा, पडला तर घड्याळ आपोआप थांबतं. लायन्स पास न टाकता बॉल घेऊन पळाले. मॉन्टगोमरीला मागेच पाडलं, घड्याळ चालू राहिलं, आणि एक टाइमआउट जाळावा लागला. पुढच्या डाऊनला टचडाऊन झाला, 34-31, 56 सेकंद बाकी, पण टाइमआउट दोनच. तीन असते तर बॉल लांब मारून, त्यांना तीनदा अडवून परत मिळवता आला असता. दोनच होते म्हणून जवळची जुगारी किक मारावी लागली, ती त्यांनी उचलली, आणि मॅच संपली.

बाबांना मी तेव्हा फोनवर हे समजावत होतो, एकच यार्ड होता, पास टाकायला हवा होता, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "म्हणजे इथे तू म्हणतोस की सांभाळून खेळायला हवं होतं." मी म्हंटलं नाही बाबा, ते वेगळं आहे. म्हणाले बरं, आणि दूधवाला आला म्हणून उठले.