उलटा आटा

जळगाव, ११ जानेवारी.

चोपड्याच्या भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने आणलेल्या जुन्या माउंटन बाइकची फ्रेम आज अखेर पूर्ण मोकळी झाली. फ्रेमवरचे स्टिकर केव्हाच उडालेले आहेत. परंतु आंगठ्याने ढकलायच्या गिअरखटक्यावर ‘देओरे एक्सटी’ ही अक्षरे अजून वाचता येतात, आणि शिमानोने हा संच खास अशा सायकलींसाठी १९८२ साली आणला, त्यावरून ती त्यानंतरची एवढे ठरते.

घोडे अडले होते ते पायडलच्या दांड्या ज्याच्यावर बसतात त्या, फ्रेममधल्या आसाशी. उजवीकडची वाटी, म्हणजे आसाचे छर्रे ज्यात बसतात ते आट्यांनी फ्रेममध्ये पिळून बसवलेले कडे, चार दिवस रॉकेल पाजूनही हलेना, तेव्हा मी पान्याला हातभर लोखंडी नळी जोडून ती डावीकडे फिरवायला सगळा जोर लावला आणि वाटीच्या सपाट कडा गोल करून बसलो. काल संध्याकाळी गल्लीतले सायकलमिस्त्री आबा सहज डोकावले आणि म्हणाले, “भाऊ, हाऊ उलटा आटा शे.” म्हणजे ही वाटी उजवीकडे फिरवली की सुटते. पायडलमध्ये उलटा आटा डावीकडे असतो हे मी शाळेपासून जाणतो, वाटीच्या बाबतीत तो उजवीकडे असतो, हे वाचलेले असूनही हाताला आठवले नाही. आस फिरताना वाटीवर पडणारा दाबही गोल फिरत राहतो आणि वाटीला आसाच्या विरुद्ध दिशेने हळूहळू सरकवतो, त्यामुळे तिथे सरळ आटा असता तर वाटी चालवता चालवता सैल झाली असती. म्हणजे चार दिवस मी ती घट्टच करत होतो.

आत ग्रीस म्हणावे असे काही उरले नव्हते. तेलात मळून डांबरासारखी झालेली काळी माती आणि तिच्यात रुतलेले पाव इंची छर्रे, एका बाजूला ११, दुसरीकडे ९च. कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरउतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी सुरू झालेल्या शर्यतींना ‘रीपॅक’ हे नाव ग्रीसवरूनच पडले, कारण एका उतरणीत मागच्या हबमधल्या ब्रेकचे ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. इथे ते बहुधा आमच्या मे महिन्याने आणि मालकाच्या आळसाने संपवले.

फ्रेमला नवा रंग द्यावा, असे घरच्यांचे म्हणणे आहे. गंज वरवरचा असताना मूळचा निळा रंग खरवडून काढणे मला पटत नाही, आणि तो मी काढणारही नाही.

वाटी मात्र बदलावी लागेल. आबांच्या डब्यात त्याच मापाची एक निघाली. ती उजवीकडची की डावीकडची, हे आम्ही दोघांनी दिव्याखाली धरून दोनदा पाहिले.