चिकूच्या लेंड्या

नाशिकहून पुण्याला बिऱ्हाड हलवल्यापासून आमच्या चिकूचं पोट बिघडलंय. एरवी वाटाण्याएवढ्या गोल लेंड्या टाकणारा ससा. आज सकाळी बघते तर बारीक, काळपट, काही तर केसांनी एकमेकींना जोडलेल्या. आणि त्याही ट्रे सोडून हॉलभर!

हॉलभर टाकल्याचं मला काही वाटत नाही. नवी जागा आपली करायला ससे असंच करतात. त्याच्या वासाचं थोडं जुनं गवत ट्रेमध्ये ठेवलं की हळूहळू वळणावर येतात. काळजी आहे ती खाण्याची. प्रवासाच्या धसक्यानंही सशाचं आतडं मंदावतं. १०-१२ तास काही खाल्लं नाही, लेंडी पडली नाही, तर थेट डॉक्टरकडे पळायचं, ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही.

आज सुट्टी टाकून सुकं गवत, पाणी आणि ओली कोथिंबीर त्याच्या पुढ्यात ठेवून बसले. दुपारी त्यानं गवताची एक काडी ओढली, मग कुरुकुरु सुरूच. संध्याकाळी सोफ्यामागे चांगल्या मोठ्या लेंड्या सापडल्या, इतका आनंद झाला की आईला फोन करून सांगितलं!

कोथरूडच्या आसपास सशांची नीट माहिती असलेले डॉक्टर कोणाला ठाऊक असतील तर प्लीज कळवा.