८ जीबी का १६ जीबी? भाच्याच्या पीसीसाठी कार्ड घेताना

आधीच सांगून टाकतो, ग्राफिक्स कार्ड एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी घेतलं, १६ जीबी मेमरीवालं. ज्यांना नुसतं उत्तर पाहिजे होतं ते इथून सुटले, बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, कारण त्या नावापर्यंत पोचायला आमच्या घरात बरेच दिवस फोनवर फोन चालू होते.

भाचा नाशिकला असतो, यंदा मेकॅनिकलला ॲडमिशन झाली. ताईचं म्हणणं होतं की सरळ लॅपटॉप घेऊन टाका, त्याचं म्हणणं पीसीच पाहिजे आणि तो पण गेमिंगचा, आणि नात्यात कंप्युटरचं काही निघालं की फोन माझ्याकडे येतो. बजेट मॉनिटर धरून एक लाख. त्याने मला कार्डांची यादी पाठवली, एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६०, ५०६० टीआय, ९०६० एक्सटी, इंटेलचं बी५८०, आणि खाली लिहिलं, "मामा यातलं बेस्ट कुठलं सांग." मी म्हणलं, आधी सांग मॉनिटर कुठला घेणारेस आणि खेळणार काय. तर म्हणे ते नंतर बघू ना.

हे नंतर बघायचं नसतं बाबांनो. व्हॅलोरंट आणि सीएस २ एवढंच खेळणार असाल तर तिथे बऱ्याचदा प्रोसेसरच आधी दमतो, कार्ड आरामात बसलेलं असतं, तिथे पस्तीस हजाराचं कार्ड टाकून काय करणार. आणि सायबरपंकसारखे जड गेम १४४० पी वर (म्हणजे फुल एचडीपेक्षा बारीक चित्राच्या स्क्रीनवर) खेळायचे असतील तर गणितच वेगळं. बरंच ओढून काढल्यावर समजलं की साहेबांना दोन्ही खेळायचंय, मॉनिटर १४४० पी चा, १८० हर्ट्झवाला (सेकंदाला १८० चित्रं दाखवणारा), आणि पीसी चार-पाच वर्षं बदलायचा नाही. झालं, अर्ध उत्तर इथेच मिळालं.

आता मुद्द्याचं. एनव्हिडियाने एप्रिल २०२५ मध्ये ५०६० टीआय आणलं, ते एकाच नावाने दोन प्रकारात, ८ जीबी आणि १६ जीबी. एएमडीने जूनमध्ये ९०६० एक्सटी आणलं आणि तेच केलं. नाव तेच, चिप तीच, बॉक्सवरचा ड्रॅगन का घुबड का जे काय असेल ते पण तेच, फक्त कोपऱ्यात बारीक अक्षरात ८ किंवा १६. दुकानदार कोटेशनमध्ये नुसतं "५०६० टीआय" लिहून देतो आणि भाव बघून माणूस खूष होतो की अरे वा इथे स्वस्त आहे. स्वस्त नाहीये, ८ जीबीचं आहे. आम्हाला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात असंच कोटेशन मिळालं, मी विचारलं किती जीबी, तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो "सर गेमिंगला काय फरक पडत नाही". पडतो.

काय फरक पडतो हे भाच्याला दाखवायला मी त्याला पुण्यात माझ्या मित्राकडे नेलं, त्याच्याकडे ८ जीबीचं ४०६० आहे. टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये जीपीयू (म्हणजे ग्राफिक्स कार्ड), तिथे खाली दोन आलेख असतात, वरचा डेडिकेटेड जीपीयू मेमरी आणि खालचा शेअर्ड जीपीयू मेमरी. गेमचं टेक्स्चर (भिंती, कपडे यांच्यावरची चित्रं) सेटिंग हायवर ठेवलं तेव्हा वरचा आलेख सातच्या आसपास होता आणि गेम एकदम लोण्यासारखा चाललेला. मग टेक्स्चर अल्ट्रा केलं आणि रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या काढणं) चालू केलं. वरचा आलेख आठच्या थोडा खाली जाऊन सपाट झाला आणि खालचा, जो इतका वेळ जमिनीला चिकटून होता, तो हळूहळू चढायला लागला. स्क्रीनवर एफपीएसचा (सेकंदाला किती चित्रं येतात त्याचा) आकडा अजून पन्नासच्या घरात दिसत होता पण कॅमेरा फिरवला की गचका, परत फिरवला की परत गचका, आणि लांबच्या भिंतीवरचं पोस्टर काही केल्या नीट दिसेना, चिखल फासल्यासारखं तसंच राहिलं. भाचा म्हणाला, "पण एफपीएस तर येतायत की मामा." तेच तर सांगतोय तुला.

ओट्यावर जागा असते तोवर सगळं हाताशी असतं, ओटा भरला की डबे माळ्यावर जातात आणि मग प्रत्येक फोडणीला स्टूल लावून वर चढायचं, तसं होतं हे. कार्डाची स्वतःची मेमरी भरली की उरलेला डेटा पीसीच्या रॅममध्ये जातो आणि तो पीसीआयई स्लॉटमधून (मदरबोर्डवर कार्ड बसतं त्या खाचेतून) ये-जा करतो. ९०६० एक्सटीच्या मेमरीचा वेग सेकंदाला ३२० जीबी, ५०६० टीआयचा ४४८ जीबी कारण त्यात नव्या जातीची जीडीडीआर७ मेमरी आहे. आणि पीसीआयई ४ च्या आठ लेनमधून एका दिशेने जेमतेम १६ जीबी जातात. म्हणजे ५०६० टीआय ४४८ वरून एकदम १६ वर येतं, गचका नाही बसणार तर काय होणार. त्यात ५०६० आणि ५०६० टीआय दोन्ही आठच लेन वापरतात, त्यामुळे जुना पीसीआयई ३ वाला बोर्ड असेल आणि त्यात ८ जीबीचं कार्ड घातलं तर तो रस्ता अजून निम्मा होतो. ९०६० एक्सटी पूर्ण सोळा लेनचं आहे. आमचा बोर्ड नवीन असल्यामुळे आम्हाला तेवढा फरक पडला नसता, पण जुन्या बी४५० बोर्डवर नुसतं कार्ड बदलणाऱ्यांनी हे आवर्जून बघा, यूट्यूबवरचे बहुतेक रिव्ह्यूवाले एकदम नव्या बोर्डवर टेस्ट करतात आणि तो आकडा तुम्हाला घरी मिळत नाही.

आता एनव्हिडिया का एएमडी हा वाद. यावर लोक सख्ख्या भावाशी बोलणं टाकतील, मी एवढंच म्हणीन की १६ जीबीचं ५०६० टीआय हे कार्ड म्हणून थोडं पुढे आहे, साध्या गेममध्ये थोडंसंच आणि रे ट्रेसिंगमध्ये जास्त. कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून देणारं एनव्हिडियाचं डीएलएसएस चालणारे गेम पण एएमडीच्या तसल्याच एफएसआर ४ पेक्षा जास्त आहेत. एफएसआर ४ आल्यावर एएमडीचं चित्र पहिल्यापेक्षा पुष्कळ सुधारलं हे खरं, आधीच्या एफएसआरमध्ये केस आणि जाळीचं कुंपण असं काही दिसलं की नुसतं चमचमायचं. प्रश्न होता पैशांचा. अमेरिकेत १६ जीबीच्या ५०६० टीआयची सुरुवातीची किंमत ४२९ डॉलर आणि १६ जीबीच्या ९०६० एक्सटीची ३४९. आता हे डॉलर आपण गुगलवर रुपयात करतो आणि मग दुकानदार लुटतोय म्हणून ओरडतो, तर तसं नसतं, तिकडची किंमत टॅक्स सोडून असते. तेव्हाचा डॉलर ८६ धरला तर ३४९ चे होतात तीस हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे पस्तीस हजार चारशे. वर इंपोर्टर आणि दुकानदार काही धर्मादाय करत नाहीत. तोच हिशोब ४२९ ला लावला की साडेत्रेचाळीस हजार. मधले आठ हजार आम्ही नीट पॉवर सप्लाय आणि मोठ्या एसएसडीला वापरले आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही.

हां, भाचा कंप्युटरला गेला असता आणि एआयचं काही करणार असता, किंवा दिवसभर ब्लेंडरमध्ये (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) बसणार असता, तर मीच त्याला एनव्हिडिया घे म्हणलं असतं, कुडामुळे, म्हणजे असली कामं कार्डावर चालवणारं एनव्हिडियाचं स्वतःचं सॉफ्टवेअर. तिथे एएमडीवर सगळं चालवता येतं म्हणणारे लोक असतात पण त्यांचे शनिवार-रविवार कसे जातात ते विचारून बघा एकदा.

बी५८० चा मोह मला स्वतःला झाला होता. डिसेंबर २०२४ ला आलेलं, १२ जीबी मेमरी आणि अमेरिकेत सुरुवातीला २४९ डॉलर, म्हणजे या पैशात एवढी मेमरी नवीन कार्डात तेव्हा सहसा कोणी देत नव्हतं. पण त्याची एक खोड आहे, प्रोसेसर जुना किंवा साधा असला की ते बरंच मागे पडतं, आणि बोर्डाच्या बायोसमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारं सेटिंग) चालू नसेल तर विचारूच नका. बजेट सत्तर हजारावर अडलं असतं आणि प्रोसेसर नवीन असता तर मी तेच घेतलं असतं, ८ जीबीचं ५०६० नसतं घेतलं.

पॉवर सप्लायबद्दल जरा. ९०६० एक्सटी १६ जीबी १६० वॅटचं कार्ड आहे, एका ८ पिनच्या पॉवर केबलवर चालतं (स्लॉटमधून ७५ आणि त्या केबलमधून १५० एवढं मिळतं), त्यामुळे चांगला ५५० वॅटचा सप्लाय पुरतो, आम्ही ६५० घेतला. कॅबिनेटबरोबर फुकट मिळणारा सप्लाय मात्र लावू नका, वर कितीही मोठा आकडा छापलेला असो. ८० प्लस ब्रॉन्झ, गोल्ड वगैरे स्टिकर म्हणजे वीज किती वाया जाते याचं माप आहे, आतला माल कसा आहे याचं नाही.

आणि यूपीएस! हे कुणीच सांगत नाही. घरोघरी जो ६०० व्हीएचा यूपीएस असतो तो साधारण ३६० वॅटचा असतो. गेम चालू असताना पीसी आणि मॉनिटर मिळून त्या आकड्याच्या जवळ जातात, त्यात लाइट गेली की यूपीएस एकदा किंचाळतो आणि सगळंच बंद. ताईच्या घरी संध्याकाळी लाइट ये-जा करते म्हणून १००० व्हीएचा घेतला. काही स्वस्तातल्या यूपीएसचं आणि नव्या पॉवर सप्लायचं पटत नाही, लाइट गेली की यूपीएस चालू असून पीसी बंद पडतो, म्हणून दुकानातच मेन प्लग काढून दाखवायला सांगा, लाजू नका.

सेकंडहँडचा पण विचार झाला. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि त्यानंतर बाजारात अशा कार्डांचा पूर आला, त्यातली बरीच अजून हातोहात फिरतायत. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच असं मी म्हणत नाही, पंखे आणि थर्मल पेस्ट बदलली की काही वर्षं छान चालतात, पण पहिल्या पीसीसाठी आणि ज्याला बिघाड झाल्यावर मामाला फोन लावायचाय त्याच्यासाठी नको. घ्यायचंच असेल तर १२ जीबीचं ३०६० बघा आणि समोर अर्धा तास गेम चालवून घ्या. आरएक्स ५८० च्या नावाखाली २०४८ एसपीवालं (एसपी म्हणजे चिपमधले हिशोब करणारे छोटे कोर) कार्ड विकतात, ते खरं ५८० नव्हे, खऱ्यात २३०४ असतात. जीपीयू-झेड नावाचं छोटं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर घेऊन जा, दोन मिनिटांत कळतं.

बिल जीएसटीचं घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. अमेरिकेतल्या मावसभावाकडून मागवायची आयडिया आमच्याकडे पण आली होती, पण तिकडचं कार्ड इकडे बिघडलं तर इथलं सर्व्हिस सेंटर घेईलच असं नसतं आणि मग कार्ड परत अमेरिकेला पाठवणार कोण. याच कारणाने प्रोसेसर पण आतमध्ये ग्राफिक्स असलेला घेतला, रायझन ५ ७६००. एफवाला, म्हणजे ७५००एफ, थोडा स्वस्त पडतो, पण कार्ड वॉरंटीत गेलं की महिनाभर काळ्या स्क्रीनकडे बघत बसायचं, आणि त्या पोराला सबमिशन पण असतात.

खरेदी २०२५ च्या गणपतीच्या आधी उरकली ते बरं झालं, त्या दिवाळीनंतर रॅमचे भाव असे काय सुटलेत की तोच पीसी आज त्या पैशात बसणार नाही. कार्डांवर पण मेमरी असतेच, त्यामुळे आता घेणाऱ्यांनी आधी रॅमचा भाव काढा आणि उरलेल्यात कार्ड बसवा. बसत नसेल तर प्रोसेसर एक पायरी खाली आणा, केसमधले रंगीत पंखे उडवा, पण १६ चं ८ करू नका.

परवा भाच्याचा मेसेज आला, जीटीए ६ यावर चालेल ना. तो गेम १९ नोव्हेंबर २०२६ ला येणारे असं जाहीर झालंय आणि ते पण फक्त प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्सवर, पीसीची तारीखच दिलेली नाही. त्याला म्हणलं तोवर पहिल्या वर्षाचे सगळे विषय काढ.