आमची वाटचाल : एका खोलीतलं रेकॉर्डिंग

आमचं काम सुरू झालं ते जुन्या डेस्कटॉपवर. दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी), एक डायनॅमिक माइक, बंद कपांचा हेडफोन आणि ऑडॅसिटी. २००० साली आलेलं हे सॉफ्टवेअर आजही मोफत आहे आणि गळा व गिटार टिपायला पुरेसं आहे. भांडवल बेताचं होतं, म्हणून पैसे कशावर घालायचे हे आधी ठरवावं लागलं. आम्ही ते खोलीवर घातले. आमचा जम बसला तो त्यामुळेच, असं मी ठामपणे सांगेन.

रिकाम्या खोलीत टाळी वाजवून बघा, मागे एक झणझण रेंगाळते. समोरासमोरच्या उघड्या भिंतींमध्ये आवाज ये-जा करत राहतो, माइकमध्ये शिरतो आणि एकदा गाण्यासोबत रेकॉर्ड झाला की धड वेगळा काढता येत नाही. आम्ही जाड रजया गायकाच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना टांगल्या. पाठीमागे का, तर कार्डिऑइड माइक समोरचं ऐकतो आणि त्याच्या समोर गायकाबरोबर गायकाच्या मागची भिंतही असते. रजई भिंतीला चिकटवण्यापेक्षा वीतभर पुढे टांगली तर जास्त काम करते. खालचे सूर मात्र तिला दाद देत नाहीत. त्यासाठी रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) जाड पॅनेल कोपऱ्यांत उभे केले, पण ते पुढे कमाई सुरू झाल्यावर. अंड्यांचे ट्रे लावा, असं बरेच जण सांगायचे. पातळ पुठ्ठा फारसं काही शोषत नाही, म्हणून ते लावले नाहीत.

सुरुवातीला स्वतःची गाणी करणारे गायक यायचे. मग त्यांतलेच काही म्हणू लागले, "आमच्या घरी असं बसवून द्याल का?" आज निम्मं काम तेच आहे, आणि मला ते मनापासून आवडतं.

घरी बसवताना सगळे एकाच जागी अडतात : हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो आणि ताल सुटतो. संगणक आवाज एकेका घासात हाताळतो, तो घास म्हणजे बफर. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८ हजार सॅम्पल (आवाजाचे नमुने) घेताना, १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण २१ मिलिसेकंद, शिवाय आवाज इंटरफेसमधून आत-बाहेर जाण्याचा वेळ वेगळा. गाताना बफर १२८ वर आणला की तेवढाच हिस्सा तीन मिलिसेकंदांच्या आत येतो. मिक्सिंगला (रेकॉर्ड केलेले आवाज एकत्र जुळवताना) तो परत वाढवायचा, नाहीतर जुना संगणक तडतडतो. इंटरफेसला डायरेक्ट मॉनिटरिंग (माइकचा आवाज संगणकातून न फिरता थेट हेडफोनमध्ये) असेल तर गायकापुरता प्रश्नच मिटतो, म्हणून इंटरफेस घेताना आम्ही आधी तेच बघायला सांगतो.

लेव्हलचंही, म्हणजे आवाज किती जोरात टिपायचा त्याचंही, तसंच. २४ बिटला रेकॉर्ड करत असाल तर मीटर वर चढवायची काहीच गरज नाही. सर्वांत मोठा सूर उणे १२ डेसिबलच्या आसपास (शून्य ही मीटरची वरची हद्द) ठेवला की एखादी तान अचानक उंच गेली तरी आवाज फाटत नाही.

कंडेन्सर माइक आम्ही बऱ्याच उशिरा घेतला, खोली तयार झाल्यावरच. तो बारकावे टिपतो, तसाच पंखाही टिपतो.

मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवरचा शेवटचा हात, अजून बाहेर देतो. ज्या खोलीत मिक्स केलं, तिथेच बसून त्या खोलीचे दोष ऐकू येत नाहीत; दुसरी खोली आणि दुसरे कान लागतातच. हा खर्च कोटेशनमध्ये आम्ही वेगळा दाखवतो आणि ग्राहकाने तो टाळायचं म्हटलं, तर आधी फोनवर सविस्तर बोलून घेतो.